अकराव्या वचनाच्या आधी दहावं वचन आहे : आपल्या मंडळीला खुलं पत्र

आपल्या मंडळीचे पाळकसाहेब, पंच कमिटीचे सर्व सभासद आणि तरुण संघातली मुलं-मुली यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

३१ डिसेंबरच्या वॉचनाईटसाठी, म्हणजे वर्षअखेरच्या मध्यरात्रीच्या उपासनेसाठी, बायबलमधल्या वचनांची कार्डं यंदा बाहेरून तयार मागवायची, असं गेल्या रविवारच्या सभेत ठरलं. मला ते शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे आपल्या रविवारच्या बायबल वर्गातल्या, मुलांकडून कळलं. कार्डाचा नमुनाही पाहिला. जाड चकचकीत कागद, मागे फ्रिजला चिकटणारं चुंबक, वर सोनेरी अक्षरांत ‘दुप्पट आशीर्वादाचं वर्ष’ आणि खाली एक ओळीचं वचन. दिसायला कार्ड सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही ते हातात घेतल्यापासून मला चैन नाही. दोन रात्री विचार केला आणि कमिटीला चार ओळींचा अर्ज देण्याऐवजी सगळ्यांना वाचता येईल असं पत्र लिहायला बसले. कार्डं सगळ्यांच्याच घरी जाणार आहेत, तेव्हा बोलणंही सगळ्यांसमोर झालेलं बरं.

आधी माझा वाटा कबूल करते. गेली एकोणीस वर्षं ही कार्डं मीच करत आले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रंगीत कार्डशीट आणायचं, वचनं लिहून काढायची, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायची आणि रात्री जेवणं झाली की कापत बसायचं. बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यांवर असतात, घंटा वाजते, गळाभेटी होतात आणि मग एकेक कुटुंब पुढे येऊन ताटातलं कार्ड उचलतं. तुम्ही ते समोरून बघता, मी ताटाच्या बाजूने बघते. कुणी डोळे मिटून उचलतं, कुणी तळातलं काढतं, कुणी लहान लेकराचा हात ताटात घालतं. सगळे ट्यूबलाइटखाली जाऊन वाचतात. चेहरा खुलतो. ‘तुमचं काय निघालं?’ असं एकमेकांना विचारतात. तो चेहरा खुललेला बघायची मला इतकी सवय लागली की ज्या वचनाने चेहरा पडेल असं वाटलं, ते मी बाजूला ठेवू लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ‘मस्तक करील, पुच्छ नव्हे’ हे राहिलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले ‘हिताचे संकल्प’ राहिले. एक्क्याण्णवावं स्तोत्र राहिलं. योहानाच्या सोळाव्या अध्यायातलं ‘जगात तुम्हांला क्लेश होतील’ मात्र माझ्या ताटात एकोणीस वर्षांत एकदाही आलं नाही. त्याच वचनात पुढे ‘तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे’ असं आहे, तरीही आलं नाही.

२०२० च्या डिसेंबरात रात्रीची संचारबंदी होती, आठवत असेल. वर्षअखेरची उपासना आपण अकराच्या आतच आटोपली होती. तोंडावर मास्क, एक बाक सोडून एक बसलेलो. त्या रात्री आपल्या मंडळीतल्या एका ताईने कार्ड उचललं. स्तोत्र ९१, वचन १०. कोणतंही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही, कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. तिने ते घरी नेऊन गोदरेजच्या कपाटाच्या आरशाला, वरच्या कोपऱ्यात चिकटवलं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि नऊ दिवसांत तिचा नवरा गेला. मातीला आपल्यापैकी चारच माणसं जाऊ शकली.

महिन्याभराने मी तिच्याकडे गेले. चहा ठेवला तिने. कार्ड तिथेच होतं, एक कोपरा सुटून आत वळलेला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “बाई, हे तुम्ही कापलं होतं ना?”

एवढंच. तिने देवाला दोष दिला नाही आणि मलाही दिला नाही. पुढे मात्र तिला कुणीतरी चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेला नेलं आणि तिथल्या वक्त्याने सांगितलं की ताई, वचन खरंच होतं, तुमचा विश्वास कमी पडला. हे ऐकलं तेव्हा मला आला तसा राग आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. अर्धं वचन आम्ही वाटायचं आणि ते फळलं नाही की दोष त्या विधवेच्या पदरात टाकायचा? पण नंतर ध्यानात आलं की त्या वक्त्याने जे तोंडाने केलं, ते मी कात्रीने करत आले होते.

म्हणून मी त्या वर्षी पुन्हा वाचायला घेतलं. कार्डावरची ओळ नव्हे, तिच्या मागचा-पुढचा सगळा मजकूर.

एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचंच बघा. शुभवर्तमानात हे स्तोत्र उघडपणे कोण म्हणून दाखवतं? सैतान. मत्तय ४ आणि लूक ४ दोन्हीकडे. प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करून तो म्हणतो, उडी टाक, कारण देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय. मी कापून कार्डावर लावलेल्या वचनाच्या लगेच पुढचीच ही वचनं आहेत, ११ आणि १२. प्रभूने त्याला स्तोत्र खोटं आहे असं म्हटलं नाही. देवाची परीक्षा पाहू नको, इतकंच म्हणाला आणि उडी मारली नाही. त्या दिवशी उडी मारली असती तर सगळं यरुशलेम टाळ्या वाजवत गोळा झालं असतं, एका दुपारपुरतं. ते त्याने सोडलं. पुढे गुड फ्रायडेला वधस्तंभावर त्याला कुणी हातांवर झेललं नाही. ते स्तोत्र पित्याने तिसऱ्या दिवशी खरं केलं, मरण टाळून नव्हे तर मरणातून पार नेऊन. मला ताईच्या घरी त्या दिवशी हे सांगता आलं नाही. इतकी वर्षं ते वचन कापत असूनही मला ते माहीतच नव्हतं.

आता यिर्मया २९:११ कडे येते, कारण नमुन्याच्या पहिल्याच कार्डावर तेच आहे. हे वचन म्हणजे मुळात एका पत्रातली ओळ आहे. इ.स.पू. ५९७ साली बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेममधून माणसं धरून नेली होती. राजा, कारागीर, लोहार, याजक. त्या परक्या मुलखातल्या लोकांना यिर्मयाने घरून पत्र पाठवलं. आपली माणसं गल्फला जातात तेव्हा पत्राची वाट बघतात ना, तशीच तीही बघत असतील. त्यांना ऐकायचं होतं ते एकच : आम्ही परत कधी येणार? पत्रात काय निघालं? घरं बांधा आणि राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि दहावं वचन : बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमचा समाचार घेईन. त्याच्यानंतर अकरावं येतं, हिताचे संकल्प, भावी सुस्थितीची आशा.

सत्तर वर्षं! हे पत्र ऐकणाऱ्यांत जो तीस वर्षांचा होता, तो ते हित स्वतःच्या डोळ्यांनी बघायला उरणार नव्हता. आपण दहावं वचन कापतो आणि अकरावं वाटतो. दहावं कापलं की त्याचा अर्थ होतो ‘यंदा’. दहावं सोबत ठेवलं की अर्थ होतो ‘तू राहिलास न राहिलास, मी माझा शब्द सोडणार नाही’. मला सांगा, या दोहोंत मोठं वचन कोणतं?

तिथे दुसरा एक माणूसही होता, दोनच वर्षांचं वचन देणारा. आधीचा अठ्ठाविसावा अध्याय काढून बघा. अज्जूराचा मुलगा हनन्या, गिबोनाचा. भर मंदिरात, सगळ्या लोकांसमोर त्याने सांगितलं की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल, मंदिराची भांडी, राजा, लोक, सगळं. यिर्मयाच्या मानेवर लाकडाचं जू होतं, ते त्याने काढून मोडून दाखवलं. केवढा जल्लोष झाला असेल! मला यात सगळ्यात हलवून टाकतं ते यिर्मयाचं उत्तर. तो आधी म्हणाला, “आमेन.” परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं. लोकांचं सुख त्याला सलत नव्हतं, आणि हनन्याइतकाच तोही त्या मातीचा होता. फक्त जे देवाने सांगितलेलं नाही ते देवाच्या नावावर खपवायला तो तयार नव्हता. पुढे हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिरच जळालं. बाबेल ५३९ मध्ये पडलं आणि लोकांना परतायची मोकळीक मिळाली ती ५३८ मध्ये, पारसचा राजा कोरेश याच्या काळात.

पाळकसाहेब, ‘दुप्पट आशीर्वादाचं वर्ष’ हे आपल्याला कुणी सांगितलं? प्रार्थनेत आपणाला ते मिळालं असेल तर मी गप्प बसेन. पण ते जर कार्डं छापणाऱ्याच्या नमुन्यातून आलं असेल, तर ते देवाच्या नावाने वाटू नये. पायथ्याशी आपल्या मंडळीचं नाव छापलं जाणार आहे.

वचन कसं धरून ठेवायचं असतं, हे मला यिर्मयाच्याच बत्तिसाव्या अध्यायात सापडलं. आपण शेतीवाडीची माणसं, आपल्याला तो अध्याय सरळ कळतो. यरुशलेमला वेढा पडलाय. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून जवळ, म्हणजे शत्रूच्या फौजेच्या टापांखालचं गाव. त्या शेताची त्या दिवशी किंमत काय असणार? कुणी फुकटसुद्धा घेतलं नसतं. आणि यिर्मया सतरा शेकेल (हे तेव्हाचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, ताजव्यात तोलून देतो. खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही कागद मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं परमेश्वर म्हणतो.

मी ते मडकं डोळ्यांसमोर आणते. जिथे पाय ठेवता येत नाही त्या जमिनीचा कागद, रोख पैसे मोजून घेतलेला, ज्याच्या नावावर आहे तो म्हातारा कैदी, आणि मडक्याचं तोंड बंद. त्याने ते शेत कधी नांगरलं नाही. आपल्या फ्रिजवरचं चुंबक आणि ते मडकं, दोन्हींत वचनच आहे. चुंबकावरचं वर्ष संपलं की आपण काढून टाकतो आणि नवं लावतो.

माझे वडील नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई आणि काकू खडी फोडायला जायच्या, हातांना घट्टे पडायचे. सुकडी मिळायची, मिलोची तांबडी भाकरी असायची, ती गिळताना घशात टोचायची. आमचे दोन बैल होते, ते वडिलांनी पडत्या भावाने बाजारात दिले आणि त्या संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन उगाचच दावी गुंडाळून खुंटीला टांगली. मग कंदील लावून आम्हाला घेऊन बसले आणि हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ‘गोठ्यात गुरं उरली नाहीत’ इथे त्यांचा आवाज अडकला. ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं ‘तरी’ म्हणाले. त्या एका ‘तरी’वर आमचं घर उभं राहिलं, हे मी शपथेवर सांगते. कार्डाच्या कुठल्याही नमुन्यात हे वचन मी पाहिलेलं नाही.

आता मुलांनो, तुमच्याशी.

मी तुमच्या कीबोर्डविरुद्ध किंवा दिव्यांविरुद्ध लिहीत नाहीये. नाताळची करंजी, नवा शर्ट, कॅरोलच्या रात्री थंडीत प्यालेला कटिंग, हे सगळं देवानेच दिलेलं आहे आणि ते भरभरून घ्यावं. सुख क्षणाचं असतं म्हणून ते वाईट होत नाही. ते वचनाच्या खुर्चीत बसवलं की घात होतो. इब्रींस पत्राच्या अकराव्या अध्यायात मोशेबद्दल लिहिलंय की पापाचं क्षणिक सुख भोगण्यापेक्षा देवाच्या लोकांबरोबर दुःख सोसणं त्याने पसंत केलं. लेखकाने ‘सुख’ हा शब्द ठेवलाय, हे ध्यानात घ्या. मोशे वाढला त्या फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, वाड्यात सुख नव्हतं, असं तो म्हणत नाही. होतं. फक्त ते संपणारं होतं, आणि मोशेची नजर पुढच्या प्रतिफळावर होती. त्याच अध्यायात तेराव्या वचनात आणखी एक गोष्ट आहे : हे सगळे पूर्वज विश्वासात मेले, वचनांची फळं त्यांना मिळाली नाहीत, पण त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केलं. गावाकडून एसटी सुटल्यावर लांबून देवळाचा मनोरा दिसतो आणि माझी आजी हात जोडायची, ती मला इथे दिसते.

तुमच्यातल्या किती जणांनी गेल्या दोन वर्षांत मला येऊन सांगितलंय, बाई, नोकरीचं वचन निघालं होतं, नोकरी तर गेली. बाई, आता चर्चला यावंसं वाटत नाही. तुमचा विश्वास कच्चा आहे, असं मी म्हणणार नाही. आम्हीच तुम्हाला बारा महिन्यांची मुदत असलेला देव दिला. सत्तर वर्षं थांबणारा, मडक्यात कागद जपायला लावणारा देव आम्ही कात्रीने कापून बाजूला ठेवला, तुम्हाला पेलवणार नाही असं वाटून. तुम्हाला पेलवतं. पहाटे चारला उठून लोकल पकडणारी, बापाचं डायलिसिस सांभाळून शिकणारी मुलं तुमच्यात आहेत. तुमची माफी मागते.

केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमाचं, उदाहरण तुम्हाला शब्बाथ शाळेत दिलंय, पण एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत आणायचं ठरवलं, अडाण्यातल्या अडाणी बाईलाही कळावं म्हणून. त्यासाठी वय उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. सबंध बायबल छापून पुरं झालं १९२४ साली. मुलगी गेल्यावरही शेवटच्या दिवसांपर्यंत बाई त्याच पानांवर बसून होत्या. त्या बायबलाची बांधलेली प्रत त्यांनी हातात घेतली नाही.

खजिनदारसाहेब, तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. “बाई, लोक वर्षभर गांजलेले असतात. पहिल्या दिवशी तरी दोन शब्द गोड ऐकू द्या.” हे मलाही पटतं. पण गोड कशाला म्हणायचं? ताईला जानेवारीत गोड वाटलेलं एप्रिलमध्ये विषासारखं लागलं. हबक्कूकाचं ‘तरी’ माझ्या वडिलांना १९७२ मध्ये पुरलं, १९८५ मध्ये आई गेली तेव्हा पुरलं आणि शेवटच्या आजारातही पुरलं. बोलणं गेलं होतं, तरी मी ‘तरी’पर्यंत वाचलं की त्यांची बोटं माझ्या मनगटावर आवळायची. खाटेशी बसून मी ते अनुभवलं आहे. लोकांना द्यायचंच तर तसलं द्या.

माझी विनंती फार मोठी नाही. तयार कार्डांची ऑर्डर अजून गेलेली नाही, ती देऊ नये. वर्षाला नाव देऊ नये. वचन ओळ तोडून न छापता मागच्या-पुढच्या वचनासकट छापावं, मग कार्ड मोठं झालं तरी चालेल. २ करिंथ ४:१८ घ्यावं, दृश्य गोष्टी क्षणिक आहेत पण अदृश्य गोष्टी सार्वकालिक आहेत. योहान १६:३३ घ्यावं, ‘क्लेश होतील’सकट. हबक्कूक घ्यावा. आणि पाळकसाहेब, त्या रात्रीच्या संदेशात पाच मिनिटं तरी त्या मडक्याबद्दल बोलावं. घरोघर खरेदीखतं असलेली माणसं समोर बसलेली असतात, त्यांना ते कुणी सांगायला हवं.

चाळीस कार्डं मी नमुन्यादाखल करून ठेवली आहेत. वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटात खालच्या फळीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, कमिटीने बघून घ्यावीत. मान्य झालं तर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारला, शब्बाथ शाळेच्या खोलीत उरलेली कापायला बसू. कात्री आपापली आणावी, खोलीत एकच आहे. ताईला मी हे पत्र पाठवायच्या आधी वाचून दाखवलं आणि तिच्या परवानगीनेच तिची गोष्ट लिहिली. तीही येणार आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून यिर्मयाच्या कार्डांवर दहावं वचन ती हाताने लिहिणार आहे.

आपली,
शब्बाथ शाळेची बाई